पाचापुढे उद्गारचिन्ह: गणिताच्या शंका

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच चिन्ह पुन्हा पुन्हा आलं आहे, ते म्हणजे संख्येपुढचं उद्गारचिन्ह. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला क्रमगुणित म्हणतात, वर्गात आणि क्लासमध्ये फॅक्टोरियल. उत्तरांत दोन्ही शब्द येतील. कोणत्याही पूर्ण संख्येसाठी ‘न’ हे अक्षर वापरलं आहे.

प्रश्न: १ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार म्हणजे क्रमगुणित, हे पाठ आहे. पण मांडण्या मोजताना गुणाकारच का, बेरीज का नाही? आणि ६! ÷ ३! चं उत्तर २! का येत नाही?
— अकरावीची विद्यार्थिनी, सातारा

वक्तृत्व स्पर्धेत पाच स्पर्धक आहेत असं धरा: अ, आ, इ, ई, उ. पहिलं कोण बोलणार, याला पाच पर्याय. अ पहिला बोलला तर दुसऱ्या क्रमाला आ, इ, ई, उ हे चार उरतात. आ पहिला बोलला तरी चारच उरतात, फक्त ते चौघे वेगळे असतात. म्हणजे पाच फांद्या आणि प्रत्येक फांदीला चार डहाळ्या, एकूण २०. त्या प्रत्येक डहाळीला पुढे तीन, मग दोन, मग एक. म्हणून ५ × ४ × ३ × २ × १ = १२०. बेरीज करतो ती ‘हे किंवा ते’ असेल तेव्हा. इथे ‘हे आणि त्यानंतर ते’ आहे, म्हणून गुणाकार.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर याच रचनेत आहे. ६! म्हणजे ६ × ५ × ४ × ३ × २ × १, आणि त्याची शेपटी ३ × २ × १ हीच ३! आहे. ती उडाली की ६ × ५ × ४ = १२० उरतं. भागाकारात शेपटी उडते, संख्या एकमेकींत भागल्या जात नाहीत. त्यामुळे ८! ÷ ६! पाहिल्यावर ४०३२० ला ७२० ने भागत बसू नका, ८ × ७ = ५६ लिहून मोकळ्या व्हा. तसंच (२ + ३)! म्हणजे १२०, पण २! + ३! म्हणजे ८. उद्गारचिन्ह कंसात वाटून देता येत नाही.

आणखी एक खड्डा. ३!! हे ३ च्या क्रमगुणिताचं क्रमगुणित नव्हे. दुहेरी चिन्हाचा अर्थ एकाआड एक संख्यांचा गुणाकार, म्हणून ३!! = ३ × १ = ३. क्रमगुणिताचं क्रमगुणित हवं असेल तर (३!)! असा कंस लागतो आणि उत्तर येतं ७२०.

प्रश्न: ०! = १ हे ‘मानलं आहे’ म्हणून मुलांना सांगतो, पण मनाला पटत नाही. शून्य वस्तूंच्या मांडण्या शून्य का नाहीत?
— शिक्षक, यवतमाळ

ती व्याख्या आहे हे खरं, पण ती मनमानी नाही. दुसरी कुठलीही किंमत घेतली तर बाकीचं गणित मोडतं. फळ्यावर खालच्या दिशेने लिहून दाखवा: ४! = २४. त्याला ४ ने भागलं की ३! = ६. ६ ला ३ ने भागलं की २! = २. २ ला २ ने भागलं की १! = १. आता १ ला १ ने भागा, ०! = १ मिळतं.

वर्गात याहून लवकर पटतं ते निवडीचं उदाहरण. पाच जणांतून पाचही जण निवडायचे किती मार्ग? उघडच एक. निवडीचं सूत्र एकूण! ÷ (निवडलेले! × उरलेले!) असं आहे, त्याने ते ५! ÷ (५! × ०!) होतं. ०! शून्य असतं तर भाजक शून्य झाला असता आणि एवढ्या सोप्या प्रश्नाला उत्तर उरलं नसतं. मुलांना हेही विचारा: रिकामी फळी ‘आहे तशी ठेवण्याचे’ मार्ग किती? एकच, ती तशीच ठेवायची. मांडणी अशक्य असेल तर शून्य. इथे ती शक्य आहे, फक्त रिकामी आहे.

प्रश्न: सराव प्रश्नसंचात ‘नवजीवन’ या शब्दातील अक्षरांच्या मांडण्या विचारल्या होत्या. माझं उत्तर १२०, पुस्तकातलं ३०. कुठे चुकलं?
— स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, परभणी

तुम्ही ५! घेतलं, म्हणजे पाचही अक्षरं वेगळी धरली. पण न दोनदा आहे आणि व दोनदा. दोन न ची अदलाबदल केली तर कागदावर काहीच बदलत नाही, तरी १२० मध्ये ती दोनदा मोजली गेली. व चंही तेच. म्हणून १२० ला २! ने आणि पुन्हा २! ने भागायचं: १२० ÷ ४ = ३०.

विश्वास बसत नसेल तर लहान शब्द घ्या, कटकट. सूत्राने ४! ÷ (२! × २!) = ६. हाताने लिहा: कटकट, कटटक, ककटट, टकटक, टककट, टटकक. सातवी मांडणी निघत नाही. आता पहिल्या क वर आणि पहिल्या ट वर पेन्सिलीने ठिपका द्या आणि ठिपकेवाली अक्षरं वेगळी समजा. या सहापैकी प्रत्येकीच्या चार-चार मांडण्या होतात आणि एकूण २४ भरतात. भागाकार का करायचा हे त्या ठिपक्यांतच दिसतं.

मराठी शब्दांत आधी एक ठरवावं लागतं. ‘जी’ हे एक अक्षर धरायचं, ज आणि वेलांटी सुटी करायची नाही, कारण वेलांटी एकटी उभी राहू शकत नाही. जोडाक्षरांचा शब्द असेल तर एकक काय धरलंय ते प्रश्नातच स्पष्ट असायला हवं. तसं नसेल तर प्रश्न अपुरा आहे, तुमचं उत्तर नव्हे.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या दाराला बटणांचं, चार अंकी संकेताचं कुलूप आहे. वापरातली बटणं घासून चकचकीत झाली आहेत. यातून धोका किती?
— सोसायटीचे सचिव, ठाणे

बराच, आणि तो मोजता येतो. नवीन कुलपाला १०,००० संकेत शक्य असतात. इथे क्रमगुणित नाही, कारण अंक पुन्हा वापरता येतो. प्रत्येक जागी दहाच्या दहा पर्याय, म्हणून १० × १० × १० × १०.

चार बटणं घासलेली दिसली की चारही अंक कळले, फक्त क्रम उरला: ४! = २४. प्रत्येक प्रयत्नाला दहा सेकंद धरले तरी चार मिनिटांत दार उघडतं.

तीन बटणं घासलेली असतील तर? माहिती कमी बटणांची, म्हणून शक्यता कमी असतील असं वाटतं. प्रत्यक्षात त्या वाढतात. तीनपैकी एक अंक दोनदा आलेला आहे. तो कोणता, याचे ३ पर्याय. प्रत्येकासाठी ४! ÷ २! = १२ मांडण्या. एकूण ३६. दोनच बटणं घासलेली असतील तर १४ (एक अंक तीनदा असे ८ आणि दोन्ही दोन-दोनदा असे ६). एकच असेल तर १.

हा हिशोब पडताळून पाहा. दहातून एक बटण १० प्रकारे निवडता येतं, दोन ४५, तीन १२० आणि चार २१० प्रकारे. मग १० × १ + ४५ × १४ + १२० × ३६ + २१० × २४ = १० + ६३० + ४३२० + ५०४० = १०,०००. एकही संकेत सुटला नाही, एकही दोनदा मोजला नाही. मोजणीच्या प्रश्नांत अशी बेरीज जुळवून बघायची सवय फार मोलाची आहे.

उपाय: कुलूप परवानगी देत असेल तर सहा अंकी संकेत घ्या आणि त्यात एक अंक दोनदा येऊ द्या. पाच बटणं घासलेली दिसली तरी ५ × ६! ÷ २! = १८०० शक्यता उरतात. सहाही अंक वेगळे असले तर ७२०च. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे संकेत ठरावीक काळाने बदला आणि नव्या संकेतात न घासलेली बटणं घ्या, म्हणजे झीज सगळीकडे सारखी होईल.

प्रश्न: वडिलांच्या जुन्या पुस्तकात क्रमगुणितासाठी संख्येच्या डावीकडे उभी आणि खाली आडवी रेघ काढली आहे. हे चिन्ह कुठलं? आणि आपल्या जुन्या ग्रंथांत क्रमगुणित होतं का?
— वाचक, चाळीसगाव

उद्गारचिन्ह ख्रिस्तियान क्रांप या स्त्रासबुर्गच्या गणितज्ञाने १८०८ मध्ये वापरात आणलं. तुमच्या पुस्तकातलं काटकोनी चिन्ह थॉमस जॅरेट या इंग्लिश विद्वानाचं, १८२७ चं. इंग्लंडमधल्या आणि तिथून आपल्याकडच्या पुस्तकांत ते बराच काळ टिकलं. त्यासाठी छापखान्यात संख्येखाली रेघ जुळवावी लागे. उद्गारचिन्हाचा खिळा मात्र छपाईच्या खिळ्यांच्या प्रत्येक पेटीत तयारच असे. सगळ्यांना ते आवडलं नव्हतं. मदुराईला जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८४२ मध्ये तक्रार केली होती की, या चिन्हामुळे साध्या संख्या पाहून पानाला आश्चर्य वाटल्यासारखं दिसतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गावाजवळच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला, त्याचा तो लेख. शके १०७२, म्हणजे ११५० मधल्या ‘लीलावती’त शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण येतं आणि त्यात नियम स्वच्छ दिला आहे: जितकी स्थानं, तितक्यांपर्यंत एकापासून एकेक वाढणाऱ्या अंकांचा गुणाकार करा, तेवढे भेद होतात. चिन्ह नव्हतं, गणित हेच होतं.

भास्कराचार्यांनी उदाहरणाला मूर्ती घेतल्या आहेत. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य आलटूनपालटून दिली तर किती मूर्ती? १०! = ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख दिले तर किती? ४! = २४. हा २४ योगायोगाने आलेला नाही. संध्येत केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं घेतात, आणि मूर्तिशास्त्रात त्या चोवीस रूपांची ओळख हीच: मूर्ती तीच, फक्त चार आयुधांचा हातांतला क्रम वेगळा. चोवीस नावं आणि चोवीस क्रम, एकही क्रम रिकामा राहत नाही. एखाद्या देवळात विष्णूची उभी मूर्ती पाहाल तेव्हा कोणत्या हातात काय आहे ते बघून ठेवा. केशव की माधव ते त्यावरून ठरतं.

शंकराच्या मूर्तींची संख्या किती मोठी आहे? दर सेकंदाला एक मूर्ती पाहिली तर बरोबर ४२ दिवस लागतात, एक सेकंद कमी नाही की जास्त नाही. ६० × ६० × २४ × ४२ करून पाहा.

‘नवजीवन’च्या उत्तरातला भागाकारही त्याच प्रकरणात आहे. २, २, १, १ या अंकांच्या किती संख्या होतात, असं भास्कराचार्य विचारतात. उत्तर ६, म्हणजे आपलं कटकटच. त्यापुढे ते त्या सगळ्या संख्यांची बेरीजही काढायला लावतात. ती ९९९९ येते.

प्रश्न: मंगळागौरीच्या झिम्म्यात आठ जणी गोल उभ्या राहतात. मांडण्या ८! की ७!? आणि नणंद-भावजय शेजारी नको असतील तर?
— वाचक, पुणे

७!. गोलात ‘पहिली जागा’ नसते. सगळ्या जणी एकेक पाऊल उजवीकडे सरकल्या तरी प्रत्येकीच्या शेजारणी त्याच राहतात. एकीला जागेवर स्थिर ठेवा आणि उरलेल्या सात जणींना मांडा: ५०४०. नणंद-भावजय शेजारी असणाऱ्या मांडण्या आधी काढा. दोघींना एकत्र बांधलं की सात घटक, गोलात ६! = ७२०, आणि दोघींची आपसांत अदलाबदल म्हणून दुप्पट, १४४०. उरल्या ५०४० − १४४० = ३६००. माळेतल्या मण्यांसाठी मात्र ७! ला आणखी २ ने भागतात, कारण माळ उलटी करता येते. झिम्म्याचं रिंगण उलटं करता येत नाही.

प्रश्न: ऑफिसात बारा जण चिठ्ठ्या काढून एकमेकांना भेटवस्तू देतो. दर वेळी कुणाला तरी स्वतःचंच नाव येतं आणि पुन्हा चिठ्ठ्या काढाव्या लागतात. असं इतक्यांदा का होतं?
— वाचक, बेंगळुरू

कारण तसं होण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के आहे, आणि माणसं बारा असोत की बाराशे, ती जवळपास तेवढीच राहते.

चार जणांवर समजून घेऊ. एकूण मांडण्या २४. कुणाला तरी स्वतःचं नाव आलेल्या मांडण्या वजा करायच्या. पण दोघांना स्वतःची नावं आली असतील तर ती मांडणी दोनदा वजा होते, म्हणून परत मिळवायची, तिघांसाठी पुन्हा वजा, असं पुढे. हिशोब: २४ − २४ + १२ − ४ + १ = ९. त्या नऊ (२१४३ म्हणजे पहिल्याला २ ची चिठ्ठी, दुसऱ्याला १ ची, असं पुढे): २१४३, २३४१, २४१३, ३१४२, ३४१२, ३४२१, ४१२३, ४३१२, ४३२१. कुठल्याही ओळीत पहिल्या जागी १, दुसऱ्या जागी २ असं काही सापडणार नाही. बारा जणांसाठी हाच हिशोब १७,६२,१४,८४१ देतो. एकूण १२! = ४७,९०,०१,६००. गुणोत्तर ०.३६७९, म्हणजे १ भागिले २.७१८२८. ही २.७१८२८… तीच ‘ई’ संख्या, जी १ + १ ÷ १! + १ ÷ २! + १ ÷ ३! + … या बेरजेतून मिळते. नीट चिठ्ठी-वाटप जमायला सरासरी पावणेतीन वेळा डाव मांडावा लागतो.

‘स्वतःची आली तर परत टाक आणि दुसरी काढ’ हा नियम पुरत नाही. तिघांत अ ला ब ची आणि ब ला अ ची चिठ्ठी आली की क साठी स्वतःचीच उरते, आणि तेव्हा बदलायला डब्यात दुसरी चिठ्ठी नसते.

एका फेरीत काम होणारी पद्धत: खेळात नसलेल्या माणसाकडून बारा चिठ्ठ्या नीट पिसून गोलात मांडून घ्या. प्रत्येकाने आपल्या डावीकडच्याला भेट द्यायची, आणि ते नाव मांडणाऱ्याने ज्याचं त्याला कानात सांगायचं. स्वतःचं नाव येणं अशक्यच. दोघांनी एकमेकांनाच भेट देणंही टळतं. मार्ग किती? झिम्म्यासारखेच, ११! = ३,९९,१६,८००.

प्रश्न: १००! च्या शेवटी किती शून्यं?
— स्पर्धा परीक्षेची उमेदवार, लातूर

२४. एक शून्य म्हणजे २ आणि ५ ची एक जोडी. २ मुबलक असतात, म्हणून फक्त ५ मोजायचे. १०० मध्ये ५ च्या पटीतले २०, आणि २५, ५०, ७५, १०० यांत एकेक ५ जास्तीचा, म्हणून आणखी ४. नेहमीची चूक म्हणजे हे शेवटचे ४ विसरून २० लिहिणं. १०००! साठी २०० + ४० + ८ + १ = २४९.

प्रश्न: सी भाषेत क्रमगुणिताचा प्रोग्रॅम लिहिला. १२ पर्यंत बरोबर, १३ ला १९३२०५३५०४ आलं, १४ ला त्याहून लहान संख्या आली. तर्क बरोबर आहे, मग हे काय?
— अभियांत्रिकी पदविकेचा विद्यार्थी, नाशिक

तर्क बरोबरच आहे, जागा अपुरी पडली. ३२ बिटांच्या (० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांच्या) ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकारात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं. १३! = ६२२७०२०८००. त्यातून २ चा ३२ वा घात, ४२९४९६७२९६, गळाला आणि १९३२०५३५०४ उरलं. यातला खरा धोका असा की ही संख्या धन आहे, १२! हून मोठी आहे आणि डोळ्याला बरोबर वाटते. पकडायची खूण वरच्याच उत्तरात आहे: १३! च्या शेवटी दोन शून्यं हवीत, इथे ०४ आहे.

‘लाँग लाँग’ हा ६४ बिटांचा प्रकार घेतलात तर २०! पर्यंत निभावतं. २१! ला बहुतेक यंत्रांवर ऋण संख्या दिसेल. ‘इंट’मध्ये ३४! पासून पुढे सरळ ० दिसतं, कारण ३४! मध्ये २ हा अवयव बत्तीस वेळा येतो आणि खालचे बत्तीसच्या बत्तीस बिट शून्य होतात. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. तिथे अडचण येते ती स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनची. मूळ मर्यादा सुमारे १००० फेऱ्यांची असते, म्हणून साधा लूप लिहा. आणि थांबण्याची अट न == ० अशी ठेवा. न == १ ठेवलीत तर ०! मागितल्यावर फंक्शन उणे संख्यांत उतरतं आणि थांबत नाही.

पुष्कळदा क्रमगुणित काढायची गरजच नसते. ४० जणांतून ३ निवडायचे तर ४०! कशाला? ती संख्या ४८ अंकी आहे. ४० ने सुरू करा, ३९ ने गुणून २ ने भागा: ७८०. ३८ ने गुणून ३ ने भागा: ९८८०. आधी गुणा, मग भागा. उलट केलंत तर ३९ ÷ २ मधला अर्धा पूर्णांक भागाकारात नाहीसा होतो आणि उत्तर चुकतं.

खिशातल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ६९! निघतं आणि ७०! ला एरर येते, त्याचं कारणही जागाच. ७०! ला १० चा घात १०० लागतो, आणि बहुतेकांच्या पडद्यावर घातासाठी दोनच घरं असतात. एक्सेल १७०! पर्यंत जातं, पण अचूक अंक पहिले पंधराच दाखवतं. २१! चा शेवट तिथे ९४००००० दिसतो, खरा शेवट ९४४०००० आहे, म्हणजे पूर्ण संख्या ५१०९०९४२१७१७०९४४००००.

प्रश्न: मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ०.५! केलं तर ०.८८६२२६९२५ येतं. अर्ध्या वस्तूची मांडणी कशी असेल?
— वाचक, मडगाव

मांडणी नसतेच. १७२९ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी न! = न × (न − १)! हा संबंध कायम ठेवून मधल्या अपूर्णांकांनाही किंमत देणारं सूत्र शोधलं, आणि तुमचा फोन तेच वापरतो. ०.५! ची नेमकी किंमत पायच्या वर्गमुळाची निम्मी. ती एकदा मिळाली की पुढचं साध्या गुणाकाराने: १.५! = १.५ × ०.८८६२२७ = १.३२९३४०, आणि ते १! = १ व २! = २ यांच्या मधेच पडतं. संख्याशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्रात पायचं वर्गमूळ दिसतं, ते याच किमतीशी जोडलेलं आहे. फोनवर (−१)! करून पाहाल तर मात्र एरर येईल: ०! ला ० ने भागावं लागतं.